पाऊस बदललाय म्हणजे नक्की काय झालंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गच्चीवर एक साधा पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला (हवामान खात्याची वेळ तीच) त्यातलं पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं एवढाच माझा उद्योग, पण तेवढ्यावर सोसायटीत, गावाकडे आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी 'पाऊसवाला' झालोय. दर जूनला तेच प्रश्न येतात आणि दर जूनला मी तीच उत्तरं टाइप करतो, अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मी शास्त्रज्ञ नाही, वाचणारा आणि मोजणारा माणूस आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

एका वाक्यात सांगा, पाऊस कमी झालाय की वाढलाय?

एका वाक्यात सांगायचं तर, बेरीज थोडीच हललीये पण हप्ते पार बिघडलेत.

आता जरा लांब. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये हवामान बदलावर मोठा अहवाल काढला, त्यात आहे की १९५१ ते २०१५ या काळात देशाचा पावसाळी पाऊस साधारण ६ टक्क्यांनी घटला, आणि ती घट जास्त करून गंगेच्या खोऱ्यात आणि आपल्या पश्चिम घाटात दिसते. २००२ नंतर तो परत थोडा सावरला असंही काही अभ्यास सांगतात. म्हणजे चार महिन्यांचा हिशोब घातला तर आभाळ कोसळलंय असं वाटत नाही. पण समजा तुमचा वर्षाचा पगार तेवढाच ठेवला आणि तो दर महिन्याला न देता जुलैत एकदम अर्धा, मग दीड महिना काहीच नाही आणि दिवाळीच्या तोंडावर उरलेला दिला, तर कागदावर उत्पन्न तेच, पण घर चालेल का? शेताचं, विहिरीचं, धरणाचं तसं झालंय.

टीव्हीवर 'सरासरीच्या १०४ टक्के' म्हणतात ती सरासरी कुठली?

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशभर पडणाऱ्या पावसाची ५० वर्षांची सरासरी. सध्या ती ८७ सेंटीमीटर धरतात, १९७१ ते २०२० ची. २०२२ च्या आधी १९६१ ते २०१० ची होती, ती ८८ होती. सेंटीमीटरभर उतरली म्हणून लगेच घाबरू नका, आपल्याकडे काही दशकं ओली आणि काही दशकं कोरडी असं चक्र जुनंच आहे आणि हवामान खात्याने या घटीचं कारण तेच दिलंय.

९६ ते १०४ टक्के म्हणजे 'सर्वसाधारण', ९० च्या खाली गेलं की तुटीचं वर्ष. पण खरं सांगू का, हा आकडा रिझर्व्ह बँकेला आणि बातम्यांना उपयोगी, गावाला नाही. २०२३ बघा. वर्ष ९४ टक्क्यांवर संपलं, म्हणजे कागदोपत्री थोडंसंच कमी, पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, ३६ टक्के तूट. सोयाबीन फुलावर आणि शेंगेवर येतं तेव्हाच पावसाने ओढ दिली, मग सप्टेंबरमध्ये पडून सरासरी सुधारली तरी त्या शेंगेला काय त्याचं.

मग धो धो पाऊस वाढलाय हे कशावरून? पूर्वीपण पूर यायचेच की.

यायचेच. पण इथे मोजमाप आहे. पुण्यात पाषाणला आयआयटीएम आहे (पूर्ण नाव भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, कोणी घेत नाही). तिथल्या भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १९५१ ते २००० चा रोजचा पाऊस तपासून दाखवलं की मध्य भारतात अतिजोरदार पावसाच्या घटना वाढतायत आणि मध्यम पावसाच्या कमी होतायत, दोन्ही एकमेकांची भरपाई करतात म्हणून सरासरी जागची हलत नाही. मला विचाराल तर या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. सरासरी गप्प बसलेली असते आणि तिच्या पोटात सगळी उलथापालथ चाललेली असते.

पुढे २०१७ मध्ये त्याच संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने १९५० ते २०१५ चं बघितलं, तर मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिपटीने वाढलेल्या. मंत्रालयाच्या अहवालात मात्र दिवसाला १५० मिमीच्या वर जाणारा पाऊस ७५ टक्क्यांनी वाढला असं येतं. मग लोक भांडतात, तिप्पट खरं की ७५ टक्के? दोन्ही खरं, मोजायची व्याख्या वेगळी आहे. आणि 'मध्य भारत' म्हटल्यावर नुसता मध्य प्रदेश समजू नका, गुजरातपासून ओडिशापर्यंतचा सगळा पट्टा त्यात येतो, आपला महाराष्ट्र धरून.

उघडिपीचंही तसंच. १९५१ ते १९८० शी तुलना केली तर १९८१ ते २०११ मध्ये पावसाळ्यातले कोरडे खंड २७ टक्क्यांनी जास्त वेळा आले.

पण हे होतंय कशामुळे? हवा गरम झाली तर पाऊस आटायला पाहिजे ना?

चांगला प्रश्न, आणि इथे दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात म्हणूनच गोंधळ होतो.

पहिली गोष्ट. हवा १ अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणजे टाकी मोठी झाली, भरायला वेळ जास्त लागतो आणि रिकामी झाली की एकदम धबाधबा. खंड लांबतो आणि पडतो तेव्हा झोडपून काढतो, ही दोन्ही एकाच कारणाची पोरं.

दुसरी गोष्ट. मान्सून मुळात जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर चालतो, उन्हाळ्यात जमीन जास्त तापते, तिच्यावर कमी दाबाचा पट्टा होतो आणि समुद्रावरचं दमट वारं आत ओढलं जातं. आता १९५१ ते २०१५ मध्ये हिंदी महासागराचा विषुववृत्ताजवळचा पृष्ठभाग जवळजवळ १ अंशाने तापला, आणि इकडे जमिनीवर कारखाने, गाड्या, चुली, काडीकचरा जाळणं यांच्या धुरकटाने ऊन अडतं म्हणून जमीन हवी तेवढी तापत नाही. फरक कमी झाला म्हणजे ओढ कमी झाली. उत्तरेत गंगेच्या खोऱ्यात पाऊस घटला त्याचं मोठं कारण हे मानतात.

म्हणजे वारं सरासरीने मंद, पण बाष्प भरपूर. त्यात अरबी समुद्र गरम, त्यामुळे अधूनमधून वाऱ्याला एकदम जोर चढतो आणि दोन-तीन दिवस बाष्पाची रांगच लागते, ती घाटावर आणि पुढे मध्य भारतावर येऊन रिकामी होते. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पडला, चिपळूण बुडालं, महाडजवळ तळिये गावावर दरड आली, ते सगळं याच जातीचं.

एल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच ना?

नाही. एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं, त्याने दुष्काळाची शक्यता वाढते, एवढंच. १९९७ ला गेल्या शतकातला एक सगळ्यात मोठा एल निनो होता आणि आपला पाऊस १०२ टक्के झाला, कारण हिंदी महासागरातली दुसरी गडबड, ज्याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात (त्या समुद्राच्या पश्चिम आणि पूर्व बाजूंच्या तापमानातला हेलकावा), ती आपल्या बाजूने होती. उलट २००९ आणि २०१५ ला एल निनोने बरोब्बर दणका दिला, ७८ आणि ८६ टक्के. मे महिन्यातच ग्रुपवर 'एल निनो, भीषण दुष्काळ' असं फॉरवर्ड आलं की मी उत्तरच देत नाही आता.

नक्षत्रं चुकायला लागलीत का? पंचांगात म्हैस वाहन होतं आणि थेंब नाही पडला.

वाहनाचं मला विचारू नका, बेडूक, म्हैस, हत्ती यांच्यावरून पाऊस सांगणं माझ्या वहीशी कधी जुळलेलं नाही. नक्षत्रांची गोष्ट मात्र वेगळी आहे, ते आपल्या लोकांचं पावसाचं कॅलेंडर होतं आणि त्यात पिढ्यानपिढ्याचं निरीक्षण आहे. पुनर्वसूतला तरणा पाऊस, पुष्यातला म्हातारा, मग सासूचा, सुनेचा, आणि शेवटी हस्त, पाटावर हत्ती काढून पोरी हादगा खेळतात तो. तेरा-चौदा दिवसांचा एकेक कप्पा आणि त्यात पाऊस कसा असायचा याची आठवण.

यात एक बारीक गंमत आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. सूर्याचा मृगात प्रवेश तारकांवरून धरतात, ऋतू मात्र सूर्य उत्तर-दक्षिण सरकण्यावर चालतात, आणि दोन्हींत साधारण ७० वर्षांना एक दिवस असा फरक पडत जातो. आता मृग ७-८ जूनला लागतो, शिवराज्याभिषेकाच्या काळात ऋतूच्या हिशोबाने तो पाचेक दिवस आधी लागायचा. पाच दिवस म्हणजे काही फार नाही, हल्लीची गडबड त्याने होत नाही, पण 'पंचांग अनादी काळापासून अचूक' म्हणणाऱ्यांना ऐकवायला बरं पडतं.

आणि अजून एक, पिकं बदलली की म्हणी पण फिरतात. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही म्हण रब्बी ज्वारीवाल्याची आहे, ऑक्टोबरअखेर एक सर आली की ज्वारी तरारते. आता त्याच वेळी शेतात काढून टाकलेलं सोयाबीन असतं, नाशिककडे गोडी छाटणी झालेल्या द्राक्षाला डावणी रोगाची भीती असते, वेचणीला आलेला कापूस असतो. २०१९ ला ऑक्टोबरच्या शेवटी क्यार आणि मागोमाग महा अशी दोन चक्रीवादळं अरबी समुद्रात फिरली, स्वाती भरपूर पडल्या, आणि मोत्यांच्या जागी सोयाबीनला कोंब आले.

मान्सून लवकर येतोय की उशिरा?

येण्याची तारीख फार सरकलेली नाही, जाण्याची सरकलीये. हवामान खात्याने २०२० मध्ये तारखा बदलल्या, त्यात केरळ १ जूनच राहिलं, मुंबई १० जूनची ११ जून झाली, पण मुंबईतून परत जायची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर केली. राजस्थानातून माघार सुरू व्हायची तारीख तर १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर. २०१९ ला ती माघार ९ ऑक्टोबरला सुरू झाली होती, इतका उशीर नोंदींत कधीच नव्हता. नवरात्रात रेनकोट घालून गरबा खेळायची वेळ येते ती उगाच नाही.

२०२५ ला तर मे महिन्यातच आला, मग पेरणी लवकर करायची का?

नको! हे जरा ठासून सांगतो. २०२५ ला केरळात २४ मे आणि मुंबईत २६ मेला मान्सून जाहीर झाला, मुंबईसाठी नोंदींतला सगळ्यात लवकरचा. गावाकडून फोन, दादा पेरू का? आणि मग २९ मे पासून जूनच्या मध्यापर्यंत मान्सून जागच्या जागी थांबला. ज्यांनी घाई केली त्यांच्यातल्या काहींना दुबार पेरणी करावी लागली, बियाणं, खत, मजुरी परत, आणि बियाण्याची बॅग काही फुकट येत नाही.

कृषी विद्यापीठांचं सांगणं साधं आहे, ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्याशिवाय पेरायचं नाही, मग कॅलेंडर काहीही म्हणो. वीतभर खणून ओल बघा, वाफसा येऊ द्या (जादा पाणी निचरून जमीन पेरणीजोगी होऊ द्या). सोयाबीनला रुंद वरंबा सरीवर पेरलं तर जास्त झाला तेव्हा सरीतून पाणी निघून जातं आणि खंड पडला तेव्हा ओल जरा टिकते, एका उपायात दोन्ही त्रासांची सोय, असं दुसरं काही मला माहीत नाही.

मराठवाड्यात आता पूर येतायत, म्हणजे दुष्काळ हटला म्हणायचा?

हा प्रश्न मला आमच्या मामांनी विचारला होता आणि मी जरा चिडूनच उत्तर दिलं, ते इथे शांतपणे देतो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला प्यायचं पाणी न्यावं लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात, बीड, धाराशिव, लातूर, नांदेडला नद्या शेतात घुसल्या, खालच्या अंगाला सोलापुरात सीनेने गावं वेढली, आणि पाण्यापेक्षा वाईट म्हणजे वरची माती खरवडून नेली. पीक परत घेता येतं हो, माती कुठून आणायची? २०२४ मध्ये सीईईडब्ल्यू या संस्थेने तालुकावार हिशोब मांडला होता, १९८२ ते २०११ शी तुलना केली तर २०१२ ते २०२२ मध्ये देशातल्या ५५ टक्के तालुक्यांत पावसाळी पाऊस १० टक्क्यांहून जास्त वाढलेला, आणि त्यात राजस्थान, गुजरात, मध्य महाराष्ट्र अशी कोरडी म्हणून ओळखलेली नावं होती. तर पाऊस वाढला हे खरं. पण तो चार-सहा दिवसांत येतो. रिपरिप पडणारा २० मिमी जमिनीत मुरतो, विहिरीला लागतो. तासाभरात पडलेला २०० मिमी ओढ्याने निघून जातो, आणि जाताना बांध फोडतो. म्हणून एकाच तालुक्यात सप्टेंबरमध्ये पंचनामे आणि एप्रिलमध्ये टँकर असं होतं, आणि दोन्ही वेळच्या बातम्या खऱ्या असतात.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. कोल्हापूर-सांगलीत लोक घरांच्या छपरांवर बसलेले, आणि त्याच महिन्यात औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) मराठवाड्यासाठी कृत्रिम पावसाचं विमान उडवत होते.

कृत्रिम पावसाने प्रश्न सुटेल?

ढग असतील तर थोडा वाढवता येतो. आयआयटीएमच्या सोलापूरच्या प्रयोगांत साधारण १८ टक्के वाढ मिळाली. ढगच नसतील तर काही नाही, आणि खंडात नेमके ढगच नसतात.

पूर येणार हे माहीत असतं तर धरणं आधीच रिकामी का करत नाहीत?

कारण १५ ऑगस्टला रिकामी केली आणि पुढे पाऊस आलाच नाही तर मार्चमध्ये आपणच त्यांना शिव्या घालणार. कोयना १०५ टीएमसीचं धरण, त्यावर वीज, शेती, पिण्याचं पाणी सगळं. पूर्वी पाऊस टप्प्याटप्प्याने यायचा तेव्हा 'अमुक तारखेला एवढं भरायचं' असे तक्ते चालून जायचे. आता शेवटच्या पंधरवड्यातही पाणलोटात हाहाकार उडतो, त्यामुळे ते तक्ते अंदाजाशी जोडून बदलायला हवेत असं माझं मत, आणि अंदाज पाच-सात दिवसांचे आता बरे असतात. पण धरणाच्या खालच्या बाजूला जो पाऊस पडतो त्याला कुठलंच धरण अडवत नाही, हेही लोक विसरतात.

ढगफुटी म्हणजे नक्की काय? हल्ली रोजच होते.

रोज होत नाही, बातमीदार रोज लिहितात. साधारण २० ते ३० चौरस किमीच्या भागात एका तासात १०० मिमी किंवा जास्त पडला तर ढगफुटी. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी आणि कुलाब्याला फक्त ७३ मिमी, शहर एकच. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिमी पावसाच्या हिशोबाने बांधलेली, ती ५० मिमीची करायचं काम कित्येक वर्षं चाललंय, त्यात भरती आली की पाणी जायला जागाच नाही. मग हिंदमाताला दर वर्षी आश्चर्य कशाला वाटून घ्यायचं.

रेड अलर्ट दिला, शाळा बंद केल्या, आणि कडकडीत ऊन पडलं. काय उपयोग?

अलर्ट अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो. पुणे जिल्ह्यात लोणावळा पण येतं आणि बारामती पण येतं, एकीकडे २०० मिमी आणि दुसरीकडे शिंतोडा हे नेहमीचंच. लाल रंग म्हणजे 'यंत्रणांनी हालचाल करा', पाऊस तुमच्या गल्लीत पडेलच असं लेखी दिलेलं नसतं. सुट्टी मिळालेल्या पोरांची तक्रार कधी ऐकली नाही मी.

आमच्या शेतात तळं झालं आणि तलाठी म्हणतात मंडळात अतिवृष्टी झालीच नाही. असं कसं?

कारण मोजतात महसूल मंडळातल्या एका केंद्रावर, आणि २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेला तरच अतिवृष्टी धरतात. मंडळात दहा-पंधरा गावं. पूर्वी झड लागायची तेव्हा सगळ्या गावांत थोड्याफार फरकाने सारखाच पाऊस, एक केंद्र पुरायचं. आताचा पाऊस बांधाच्या अलीकडे कोसळतो आणि पलीकडे धूळ उडते. खंडाचंही तेच, २०२३ ला पीकविम्याच्या अग्रिमासाठी २१ दिवसांचा खंड मोजत होते, आणि मधल्या एखाद्या दिवशी केंद्रावर चार थेंब पडले की मोजणी परत एकपासून. पाऊस बदलला, मोजायची पद्धत जुनीच राहिली, माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

आमचे आजोबा म्हणतात पूर्वी सगळं वेळेवर व्हायचं.

आजोबांना ७२ चा दुष्काळ विचारा. त्या वर्षी देशात पाऊस २४ टक्के कमी होता, खडी फोडायला माणसं रस्त्यावर आली, त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली. १९१८ ही तसंच. पूर्वी वाईट वर्षं नव्हती असं नाही. पण आषाढातली आठ-आठ दिवसांची झड, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल, ती कमी झाली असं ते म्हणत असतील तर मध्यम पाऊस घटल्याचे आकडे त्यांच्या बाजूने आहेत.

झाडं लावली तर पाऊस वाढेल?

तुमच्या टेकडीवर झाडं लावून मान्सून वळत नाही. पडलेलं पाणी मात्र थांबतं, माती थांबते. तेवढ्यासाठी लावा.

मला पण पाऊस मोजायचाय, काय लागतं?

उभ्या सरळ भिंतीचा डबा, सपाट बूड, आणि पट्टी. बूड निमुळतं असलेली बाटली नको. मोकळ्या जागी ठेवा, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, पन्हाळीखाली तर मुळीच नाही (आमच्या एका शेजाऱ्यांनी ठेवला होता, त्यांचा आकडा चेरापुंजीच्या वर गेला). १ मिमी म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर, एकरावर साधारण ४ हजार लिटर, हे डोक्यात ठेवलं की वहीतल्या आकड्याला वजन येतं. रोज त्याच वेळी मोजा. आणि पाऊस नसेल त्या दिवशी पण शून्य लिहा, कोरी जागा सोडू नका, दहा वर्षांनी वही उघडाल तेव्हा ते शून्य सलग किती आले तेच आधी मोजायला लागाल.